सातशे वीस ओळी

१

लिफाफा होता. लिफाफ्यावर इनास तुस्कानोचं नाव होतं. नावाखाली उस्मान मुकादमच्या वळणदार अक्षरात ‘सुट्टी, दोन महिने’ असंही लिहिलेलं होतं. फक्त लिफाफ्यात पासपोर्ट नव्हता.

उस्मानने लिफाफा उलटा करून झटकला, मग आत फुंकर मारली. माणूस गोंधळला की असंच काहीतरी करतो. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या त्या एअरकंडिशनिंग कंपनीत एकशे चाळीस माणसांचे पासपोर्ट उस्मानच्या लोखंडी कपाटात राहत. माणसं दार्सैतच्या खोल्यांत राहत आणि दोन वर्षांतून एकदा ही दोघं विमानतळावर एकमेकांना भेटत. याला कोणी तुरुंग म्हणत नसे. पद्धत म्हणत.

“साडेतीनला मी माझ्या हातान आत घातलाय रे,” दापोलीचा उस्मान कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. “कपाट लावलं, चावी ड्रॉवरमध्ये टाकली. अजान झाली तसा नमाजला गेलो. चारला पाच कमी असताना आलो, म्हटलं तू येशील, लिफाफा काढून ठेवू. तर हा असा हलका.”

“मग शोधलं नाहीस?”

“शोधलं नाही म्हणतोस? तुझ्या खोलीतल्या देवेशच्या खिशात हात घातला मी. व्हिटलॉकसाहेबानं आपणहून बॅग उघडून दाखवली. एवढा मोठा साहेब, मलाच लाज वाटली. वरच्या हॉलातल्या घंटांच्या पेट्यासुद्धा उघडल्या. नाही तर नाही.”

इनास साइटवरून तसाच आला होता, ग्रीसच्या हातांनी. मत्राहच्या एका हॉटेलचा चिलर बंद पडला म्हणून सकाळपासून तो तिथं अडकला होता. तो भिंतीकडे बघत उभा राहिला. समोर सुट्ट्यांचा तक्ता होता. ‘तुस्कानो’समोर हिरव्या पेनने फेब्रुवारीअखेर ते एप्रिल अशी लांब रेघ होती आणि खालच्या एका ओळीवर नुकतीच लाल काट मारलेली होती. पण तेव्हा त्याला आपल्या नावाखेरीज काही दिसत नव्हतं.

फेब्रुवारी १९९९चा तो गुरुवार, म्हणजे अर्ध्या दिवसाचं ऑफिस. उद्या शुक्रवार, सगळं बंद. विमान शनिवारी सकाळी दहाला. हरवलेल्या पासपोर्टची तक्रार, वकिलात, नवा पासपोर्ट, नवा व्हिसा, हे सगळं हलायला महिना-दीड महिना लागतो हे उस्मानला ठाऊक होतं आणि इनासलाही ठाऊक होतं. वसईच्या डॉक्टरने आईला चार दिवस दिले होते. त्यातला एक आज संपत होता.

“पोलिसांत जायचं तर अर्बाबला, मालकाला, सांगायला पाहिजे,” उस्मान हळू आवाजात म्हणाला. “आणि सांगितलं तर पहिला मी आत. चावी माझी.”

इमारतीत त्या दुपारी उस्मान धरून चारच माणसं होती. त्यांतल्या तिघांबरोबर इनास गेली दोन वर्षं दर गुरुवारी घंटा वाजवत होता.

२

मस्कतमध्ये घंटा, आणि त्याही गुरुवारी, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

चीफ इंजिनियर व्हिटलॉक इंग्लंडच्या कुठल्याशा खेड्यातला. तिथं चर्चच्या घंटा सूर म्हणून वाजवतच नाहीत, हिशेबाने वाजवतात. सहा घंटा असल्या तर आधी एक-दोन-तीन-चार-पाच-सहा अशी सरळ ओळ, मग दर ओळीला क्रम बदलायचा, आणि एकदा वाजलेली ओळ पुन्हा वाजता कामा नये. वाजली तर सगळी रचना खोटी, मग कितीही गोड वाजवा. सहा घंटांच्या अशा ओळी होतात सातशे वीस, सात घंटांच्या पाच हजार चाळीस. साहेबाने पितळी हातघंटांच्या पेट्या आणून ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये हा संसार थाटला होता. एकेकाच्या हातात दोन घंटा. पहिली-दुसरी सेक्रेटरी रेखाच्या, तिसरी-चौथी देवेशच्या, पाचवी-सहावी साहेबाच्या, आणि मोठ्या दोन, सातवी आणि ओळीच्या शेवटी ठेका धरणारी आठवी, इनासच्या.

इनास घंटांतच वाढला होता. त्याचा बाप वसईजवळच्या त्यांच्या गावात चर्चची घंटा ओढायचा. तिथली तऱ्हा निराळी. दिवसात तीनदा प्रार्थनेची घंटा, सणाला दोन घंटांची नाचरी जुगलबंदी, आणि कोणी गेलं की टोले. पुरुषाला तीन-तीन, बाईला दोन-दोन, मग थोडं थांबून वयाच्या प्रत्येक वर्षाचा एक. अख्खा गाव हातातलं काम थांबवून मोजतो आणि आकड्यावरून कोण गेलं ते ओळखतो.

सहा वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा इनासला सुट्टी मिळाली नव्हती. मेव्हण्याने फोनचा रिसीव्हर खिडकीबाहेर धरला आणि इनासने रुवीच्या टेलिफोन बूथमध्ये उभं राहून टोले मोजले. सत्तेचाळीसवर कार्ड संपलं. बाप अडुसष्ट वर्षांचा होता. ते उरलेले एकवीस टोले इनासच्या कानात कधी वाजलेच नाहीत, आणि त्यामुळे बाप पुरता गेलाय असं त्याला आजही वाटत नसे.

“आयनं आज दोनदा डोळे उघडून तुझं नाव घेतलं,” बहिणीने दुपारी फोनवर सांगितलं होतं.

दार्सैतच्या खोलीत तो पलंगावर बसून राहिला. खिडकीतून समोर काळा डोंगर, डावीकडे काळा डोंगर. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, हे डोंगर नाहीत, कुंपण आहे. त्याचा खोलीसोबती देवेश चहा घेऊन आला. देवेश संगमेश्वरकडचा, कंपनीतला दुसरा चिलर मेकॅनिक, एकोणतीस वर्षांचा. “आमच्या देवळात टांगलेली मोठी घंटा तुमच्या वसईची, चिमाजीअप्पाच्या लढाईतली,” असं सांगून तो इनासला चिडवायचा, आणि इनास म्हणायचा, “चोर तो चोर, वर शिरजोर.” आज मात्र दोघांनाही चेष्टा सुचत नव्हती.

“तुझ्या घंटा आणल्यात ऑफिसच्या हॉलमधून,” देवेश कोपऱ्यातल्या काळ्या पेटीकडे बघत म्हणाला. “सराव केलास तर जरा मन रमेल, इनासदा.”

“साहेबाचं काम आहे हे,” इनास एकदम म्हणाला. “दुसरं कोण? पुढच्या शुक्रवारी त्याला ती पाच हजार चाळीसची वाजवायचीय. नंतर तो कायमचा इंग्लंडला चालला. मी गेलो की मोठ्या दोन घंटा कोण वाजवणार?”

देवेशने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. दारातून आवाज आला, “कोणाचं काम ते मोजून बघू. आधी मला सांगा, माझा ए.सी. कोण बघणार होतं?”

खालच्या मजल्यावरच्या कलावतीबाई सबनीस. इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायच्या, आणि बोलतानाही फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या बोलायच्या. सगळं ऐकून त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले.

“देवेश, तू कुठे होतास?”

“हॉलमध्ये, बाई. इनासदा नव्हता म्हणून तिघांनी सहा घंटांची सातशे वीस वाजवली. ती टेप केली. सव्वातीनला रेखा गेली, साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मी टेप लावून ओळी कागदाशी ताडून बघत बसलो. वीस मिनिटं. घंटांचा आवाज खाली उस्मानभाईंनीही ऐकलाय.”

“कागद आहे?”

त्याने कागद दिले. आकड्यांच्या सातशे वीस ओळी आणि प्रत्येकीसमोर पेन्सिलची बरोबरची खूण.

“टेपही दे. मला ही भानगड ऐकायचीय.”

देवेशने टेप दिली. कलावतीबाई जिन्यावरून उतरताना थांबल्या. “इनास, चौघांपैकी एकानेच हे केलंय. आणि तू ज्याच्यावर रागावलायस त्याच्यावर फार रागावू नकोस, उद्या माफी मागताना जड जातं.”

३

शुक्रवारी सकाळी चर्चच्या आवारात व्हिटलॉकसाहेब बाकावर एकटाच बसला होता. बासष्टचा उंच माणूस, हातात कागदांची सुरळी. इनास कंपनीच्या पिकअपमधून बाईंना घेऊन आला होता आणि वाटेत एक शब्द बोलला नव्हता. साहेबाला बघताच त्याच्या मुठी वळल्या.

साहेब इंग्रजीत बोलला, आणि लपवाछपवी न करता बोलला. “मला वाटलंच होतं तुम्ही याल. तुम्हाला वाटतं मी पासपोर्ट घेतला.”

“तुम्हाला कारण होतं,” कलावतीबाई म्हणाल्या.

“होतं. ही रचना मी नऊ वर्षं लिहितोय. इनासचा लिफाफा तयार झाल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात आलं, देवा, याचं विमान चुकू दे.” साहेब खाली बघू लागला. “एवढं मनात आलं. पुढे मी काही केलं नाही. पण मनात आलं याची मला शरम वाटते, इनास.”

 इनासच्या तोंडात शिवी तयार होती, ती त्याने गिळली आणि मुठी सोडल्या.

“सव्वातीन ते चार तुम्ही काय करत होतात?” बाईंनी विचारलं.

“स्वतःला दोष देत होतो. रेखाला सांगू नका, देवेशलाही नको. गुरुवारची सातशे वीस खोटी होती. क्रम बदलायची हाक मी देतो. तीनशे साठाव्या ओळीनंतर एक हाक माझ्याकडून राहून गेली आणि आधीच्या साठ ओळी पुन्हा वाजल्या. मग सावरलो. मुलांच्या लक्षात आलं नाही, ती आपापल्या दोन घंटा सांभाळतात. मी त्यांच्यासमोर बोललो नाही. केबिनमध्ये जाऊन बसलो आणि बाहेरचं काही ऐकलं नाही.”

“टेप ऐकणाऱ्याला ते कळलं असतं?”

“कागद समोर ठेवला तर लहान मुलालाही. त्या जागेनंतर कागद एकीकडे आणि घंटा दुसरीकडे.”

देवेशचे कागद पर्समध्ये होते, पण कलावतीबाईंनी ते काढले नाहीत, नुसती पर्स घट्ट धरली. इनासला ते कळलं नाही. तो मनात विमानाचे तास मोजत होता. चोवीस उरले होते.

एवढ्यात रेखा आली. दादरची, भराभर बोलणारी. “मी सव्वातीनला निघाले, माझे मिस्टर गेटवर हॉर्न देत होते. उस्मानभाई तेव्हा तुमचाच पासपोर्ट हातात घेऊन पान बघत होते, मी बाय केलं ना त्यांना. इनास, मी सांगू? मला वाटतं तो पडला असेल कुठेतरी कपाटामागे.”

“कपाट भिंतीत बसवलेलं आहे,” इनास म्हणाला.

रेखा सुटली. साहेब सुटला की नाही ते इनासला ठरवता येईना, आणि उरली दोनच माणसं. त्यांतला एक त्याच्या गावापासून दिवसभराच्या वाटेवरचा, दर ईदला त्याच्यासाठी बिर्याणीचा डबा राखून ठेवणारा. दुसरा त्याच्याच खोलीत झोपणारा.

४

उस्मान ऑफिसात आधीच येऊन बसला होता. रात्रभर जागलेला दिसत होता. त्याने त्यांच्यासमोर कपाट पुन्हा रिकामं केलं, एकशे एकोणचाळीस पासपोर्ट टेबलावर मांडले.

“बाई, मी नमाजी माणूस. सतरा वर्षं चावी माझ्याकडे. अर्बाब आता मला खलास म्हणेल.”

“चावी ड्रॉवरमध्ये असते हे कोणाला माहीत?”

“एकशे चाळीस जणांना.”

“आणि तुम्ही नमाजला जाता हे?”

“ते तर अख्ख्या अल् खुवैरला. अजान झाली की मी खुर्चीत नसतो.” मग त्याचा सूर बदलला, मनातली कुरकुर बाहेर आली. “तसं तुमच्या घंटावाल्यांचंही मी कौतुक करायचो. अजान सुरू झाली की वर आवाज बंद. साहेबाचा कायदाच होता. टेप लावलेली असली तरी बटण दाबून थांबवायचे, संपली की पुन्हा सुरू. दोन वर्षांत एकदा चुकले नाहीत. काल मात्र मी खिडकीखालून चाललोय, तिकडे मुअज्जिनचा आवाज लागलाय, आणि वर आपली टणटण चालूच. मी मनात म्हटलं, साहेब चालला म्हणून आदब पण चालली काय.”

कलावतीबाई खुर्चीवरून उठल्या. त्या भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेल्या आणि चष्मा कपाळावर चढवून बघत राहिल्या.

“ही लाल काट कधी मारलीत?”

“बुधवारी. इनासची सुट्टी मंजूर झाली तेव्हा. चिलरचे मेकॅनिक दोनच, एका वेळी एकालाच सोडायचं, कंपनीचा नियम आहे. दुसऱ्याची आपोआप जाते.”

इनासने आता ती ओळ वाचली. लाल काटेच्या खाली नाव होतं, महिना होता, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. त्याला तो शब्द दोनदा वाचावा लागला. 

“त्यानं मला सांगितलं नाही,” तो म्हणाला. “एका खोलीत राहतो आम्ही.”

“माझ्याकडून काही ऐकायच्या आधी त्याच्याकडूनच ऐक,” कलावतीबाई म्हणाल्या. “मला चूक ठरायला आवडेल. पण मी सहसा ठरत नाही. चला, साडेबारा व्हायच्या आत दार्सैतला पोचायचंय. उस्मानभाई, तुम्हीही या. जुम्म्याची नमाज तिकडच्या मशिदीत पढा आज.”

५

खोलीत तीन पलंग होते, पाच माणसं कशीबशी मावली. बाईंनी साहेबालाही बोलावून घेतलं होतं, तो दाराला टेकून उभा होता. खिडकी बंद, ए.सी. घरघरत होता. देवेशचा टेपरेकॉर्डर त्याच्याच पलंगावर, त्याच्या मांडीशी होता.

“देवेश, टेप लाव,” कलावतीबाईंनी कॅसेट त्याच्या हातात दिली. “मला ही सातशे वीस समजावून सांग. काल ताडून बघितलीस तशी.”

देवेशने टेप लावली. पितळेचे बारीक स्वच्छ आवाज खोलीत पसरले, एक-दोन-तीन-चार-पाच-सहा, मग क्रम मोडला आणि पाण्यासारखा वाहायला लागला. देवेश कागदावर बोट सरकवत होता. बोट ओळीओळीने नीट चाललं होतं. पाच मिनिटं गेली. सात गेली. उस्मान घड्याळ बघत होता. इनास बोटाकडे बघत होता आणि मनातल्या मनात म्हणत होता, नको, तू नको.

मग बंद खिडकीच्या काचेतून, लांबून, दुपारची अजान आली.

कोणी हललं नाही. हललं ते फक्त देवेशचं बोट. ते कागदावरून उठलं, टेपरेकॉर्डरवर गेलं आणि न बघता बटण दाबून थांबलं. घंटा बंद झाल्या. खोलीत नुसती अजान उरली.

ती संपेपर्यंत कलावतीबाई थांबल्या. मग मास्तरणीच्याच आवाजात, पण हळू बोलल्या. “दोन वर्षांची सवय. तुला विचारसुद्धा करावा लागत नाही. मग काल साडेतीनला हे बोट कुठे होतं, देवेश? काल अजानभर टेप वाजत राहिली. उस्मानभाईंनी ऐकलीय.”

देवेश बोटाकडे असा बघत राहिला, जणू ते दुसऱ्याचंच आहे.

“ते टेपपाशी नव्हतं, कारण तू जिन्याखाली उभा होतास,” बाई म्हणाल्या. “उस्मानभाई खुर्चीतून कधी उठतील याची वाट बघत. ते अजानलाच उठतात. म्हणजे तुला ज्या घडीची गरज होती त्याच घडीला टेप थांबवायला माणूस नव्हता. आणि हे कागद. सगळ्या ओळींसमोर बरोबरची खूण. मी काल ही टेप कागद घेऊन ऐकली. तीनशे साठाव्या ओळीनंतर घंटा मागे जातात, साठ ओळी पुन्हा वाजतात. ऐकणारा तिथं थांबला असता, खोडलं असतं, साहेबांना विचारलं असतं. तू न ऐकताच खुणा केल्यास.”

साहेबाने मान खाली घातली. त्याचीही चोरी उघडी पडली होती, लहानशी का होईना.

“लग्न आहे ना तुझं?” इनासने विचारलं. तक्त्यावरचा तो एक शब्द.

“सात मार्चला,” देवेश म्हणाला. “तिसरी तारीख आहे, इनासदा. दोनदा सुट्टी रद्द झाली. पोरीच्या मामानं सांगितलंय, या वेळी नवरा आला नाही तर पोरगी दुसरीकडे देऊ. बुधवारी उस्मानभाईंनी काट मारली.”

“मला बोलला असतास.”

“काय बोलणार? तुझी आई मरणाच्या दारात, आणि मी म्हणू माझी हळद आहे, तू नको जाऊस?” त्याचा आवाज फाटला. “मी म्हटलं चार दिवस. चार दिवस पासपोर्ट सापडला नाही, की मग. मग तू दोन महिने कशाला घेतले असतेस.”

त्या ‘मग’चा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. उस्मानच्या तोंडून तौबा निघाली. इनास उठला. देवेशने मार चुकवायला हातही वर केला नाही, आणि इनासला वाटलं, मारावं, खरंच मारावं, या पोराला मी भात वाढलाय, तापात त्याचं डोकं चेपलंय, आणि हा माझ्या आईच्या मरणाचे दिवस मोजत बसला होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले.

“कुठाय?” शेवटी त्याने विचारलं.

“उस्मानभाईंनी सगळ्यांचे खिसे, बॅगा तपासल्या,” कलावतीबाई म्हणाल्या. “घंटांच्या पेट्याही उघडल्या. पण घंटा दिसल्या की माणूस पेटी बंद करतो, अस्तर कोण उचलतो? आणि त्या इमारतीतून काल एकच पेटी बाहेर गेली.”

इनासने कोपऱ्यातली काळी पेटी ओढली. दोन मोठ्या घंटा बाहेर काढून पलंगावर ठेवल्या, त्या किंचित किणकिणल्या. लाल मखमलीची कड एका बाजूला सुटली होती. खाली त्याचा निळा पासपोर्ट होता. काल संध्याकाळपासून तो त्याच्या पलंगापासून दोन हातांवर पडून होता.

६

उस्मानने इनासला जिन्यात गाठलं. “अर्बाबला मी सांभाळतो. पण कागदावर काय लिहू? खरं लिहिलं तर पोरगा उद्या जेलात, व्हिसा कॅन्सल.”

इनासने पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात घातला होता आणि वरून हात ठेवला होता. तो हात काढायला त्याला भीती वाटत होती. देवेशला माफ केलं का, असं कोणी विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. पण इथं दोन माणसांना एकाच दाराने बाहेर जायचं होतं आणि दार कोणी तिसऱ्याने अरुंद ठेवलं होतं, हेही त्याला दिसत होतं.

“लिही, घंटांच्या पेटीत सापडला,” तो म्हणाला. “खोटं नाही ते. आणि माझे दोन महिने खोड. दहा दिवस लिही. एक मार्चला मी हजर होईन. ती लाल काट पुसता येते का बघ.”

“दहा दिवसांत काय होणार तुझं, बाबा?”

“जे व्हायचंय ते चार दिवसांत होणार आहे.”

साहेब खाली पिकअपपाशी थांबला होता. त्याने इनाससमोर हात पुढे केला आणि म्हणाला की पाच हजार चाळीस आता राहिली, आणि राहू दे. इनासने हात धरला. आदल्या रात्री बाई म्हणाल्या होत्या तसं झालं, माफी मागायला जड गेलं, म्हणून त्याने ती हातानेच मागितली.

शनिवारी तिसऱ्या प्रहरी तो गावात पोचला. आईने त्याला ओळखलं. “सोडलं तुला?” तिने विचारलं. “सोडलं,” तो म्हणाला. एक अख्खा दिवस तो तिच्या उशाशी बसला, तिच्या ओठांना पाणी लावत. रविवारी दुपारी चारला ती गेली.

घंटा ओढायला गावात आता दुसरा माणूस होता. तो दोर इनासच्या हातात देऊन मागे सरला. इनासने दोन-दोन टोले दिले. खाली विहिरीवरचे रहाट थांबले, केळीच्या वाड्यांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मग थोडं थांबून त्याने वर्षं मोजायला घेतली. दहा, वीस, तीस. दोर जाड होता, त्याच्या बापाच्या हातांनी गुळगुळीत झालेला. चाळीस. पंचेचाळीस. सत्तेचाळीसचा टोला दिला आणि त्याचा हात आपोआप थबकला, बूथमधल्या रिसीव्हरसारखा.

खाली सगळा गाव मोजत उभा होता. मागून तो नवा घंटावाला पुटपुटला, “अजून आहेत ना?”

“आहेत,” इनास म्हणाला, आणि त्याने अठ्ठेचाळिसावा दिला. तिथून पुढे त्याला रडू आवरलं नाही, पण मोजणी चुकली नाही. एकाहत्तरावा टोला वाजला, त्याचा आवाज खाडीपर्यंत गेला आणि पूर्ण विरेपर्यंत त्याने दोर सोडला नाही.